डाव्या हाताची गाठ

बाईंच्या पदराला संध्याकाळपर्यंत सात-आठ गाठी झालेल्या असायच्या. निळ्या काठांचं पांढरं पातळ आणि त्याच्या टोकाला गाठींचा घोस. बाकावर बसलेल्या माणसाने काही सांगितलं की बाई ते कागदावर लिहीत नसत. डाव्या हाताने पदराचं टोक धरायचं, बोटाभोवती एक वेढा द्यायचा, खसकन ओढायचं आणि म्हणायचं, "गाठ मारली. आता जावा बिनघोर."

तुमच्यापैकी जे कुणी त्या काळात कोल्हापुरात राजारामपुरीकडच्या आमच्या दवाखान्यात आले असतील, त्यांनी ही गाठ पाहिलीच असेल. एक गाठ म्हणजे एक घर. कुठे बाळंतिणीला बघायचं, कुठे म्हातारीच्या पायाची पट्टी बदलायची. काम झालं की गाठ सुटायची. ती सोडणं फक्त त्यांनाच जमे. बाई डावखुऱ्या, त्यामुळे गाठीचा पीळ उलटा बसायचा. आमच्या शिपायाने एकदा पैजेवर सोडायला घेतली आणि शेवटी दात लावले. बाई म्हणाल्या, "आता पातळ तुम्हीच धुऊन आणा."

मी त्या दवाखान्यात कारकून होतो. केसपेपर, औषधांचा साठा आणि महिन्याचा तक्ता ही माझी कामं. आकडा जुळला नाही की मला जेवण गोड लागत नाही, हे माझी बायको आजही पाहुण्यांना सांगते आणि ते खरं आहे. घरी माझ्या दोन्ही मुलींची लसीची कार्डं लोखंडी पेटीत, वर्षवार लावलेली होती. बाई त्या कार्डांचं कौतुक करायच्या, पण हसून.

त्या मूळच्या आजऱ्याकडच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. शिकून नर्स झाल्या तरी बोलणं गावाकडचंच राहिलं. 'मी जातो, मी येतो' असंच बोलायच्या, जशा आमच्याकडच्या बायका बोलतात. मला भाऊसाहेब म्हणायच्या, आणि त्या शब्दाच्या सुरावरून पुढे विनंती आहे की टोमणा आहे ते मला आधीच कळायचं.

एके वर्षी दिवाळी झाली आणि कळंब्याच्या रस्त्याला ऊसतोडणीची एक टोळी उतरली. बीडकडची माणसं. पाचटाच्या खोपी, तीन दगडांच्या चुली, डालग्याखाली कोंबड्या. महिनाअखेरीस मी तक्ता करत होतो. 'बाहेरून आलेले रुग्ण' असा त्यात एक रकाना होता. त्यात मी शून्य लिहिलं. बाई मागे उभ्या होत्या.

"भाऊसाहेब, शून्य म्हंजे ती माणसं बरी हायत व्हय?"

मी म्हणालो, कुणी आलंच नाही तर मी काय लिहू?

"आलं न्हाय आन आजारी न्हाय, ही दोन येगळी कामं की. चला, बघून येऊ."

आम्ही गेलो. खोकणारी पोरं, जखमांवर बांधलेल्या चिंध्या, आणि एका खोपीत तीन दिवसांची बाळंतीण, जी दुसऱ्या दिवसापासून मोळ्या बांधायला जाणार होती. बाईंनी पदराला एकापाठोपाठ गाठी मारायला सुरुवात केली आणि पदर संपला. टोळीचा मुकादम हसत बघत होता. तो म्हणाला, दवाखाना नऊला उघडतो आणि बाराला मिटतो, आमचा कोयता पहाटे उचलतो आणि दिवस कलताना ठेवतो. मग म्हणाला, "ह्या दोन येळांचं लगीन कसं लावता, बाई?"

दुसऱ्या दिवशी बाई डॉक्टरसाहेबांच्या टेबलासमोर. साहेब चांगले गृहस्थ, पण नियमाचे. ती वस्ती आपल्या हद्दीत येत नाही, असं ते म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. दारी पावणा आला तर त्याचं गाव कुठल्या हद्दीत ते विचारून आपण पाणी देतो का, एवढंच त्यांनी विचारलं. साहेब थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, मंगळवारी, ड्यूटी संपल्यावर, आपल्या जबाबदारीवर. आणि लस घ्याल तर हिशेब चोख पाहिजे. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीने मी त्या कामात आलो.

ते मंगळवार आठवले की मला अजून पायात बळ आल्यासारखं वाटतं. तीन वाजता सोडावॉटरच्या दुकानातून बर्फ. तो फोडून थर्मासमध्ये भरायचा, त्यात लसीच्या बाटल्या. थर्मास माझ्या सायकलच्या कॅरिअरवर. बाई अर्धा रस्ता बसने आणि अर्धा चालत, तरी माझ्याआधी पोचायच्या. अंतर साडेचार किलोमीटर. चाकाचे फेरे मोजून मी ते काढलं होतं. बर्फ वितळायच्या आत पोचायचं, सूर्य मावळायच्या आत टोचायचं. मी चाळिशीला टेकलेला संसारी माणूस, पण त्या रस्त्याला मी शर्यतीतल्यासारखा पेडल मारायचो. घरी बायको म्हणायची, मंगळवारी तुम्ही जेवताना जास्त बोलता.

पाच वर्षांखालची मुलं मोजली, एकतीस भरली. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवर मिळून जी त्रिगुणी लस असते, ती महिन्या-महिन्याच्या अंतराने तीनदा द्यायची. पहिल्या मंगळवारी एकतीस मुलांना दिली, चौथ्या बाटलीत उरलेलं शेजारच्या मळ्यातल्या पोरांना दिलं, आणि मी टोळीची एकतीस कार्डं लिहिली, सुवाच्य अक्षरात.

महिन्याने दुसऱ्या डोसाच्या आधी पाहायला गेलो तर कार्डं शिल्लक होती पाच. काही भिजली, काही पोरांनी चघळली, एक मुकादमाने चिलीम पेटवायला वापरलं. नावांवरून ओळखावं म्हटलं तर माझ्या यादीत पाच बाळ्या, चार सोनी आणि 'नाव ठेवणे बाकी' अशी सहा. त्यात एकाच पोराला आई एका नावाने हाक मारायची आणि आजी दुसऱ्या. मी डोकं धरून बसलो.

बाईंनी एका पोराचं झबलं वर केलं. कमरेला काळा करदोटा, सगळ्या पोरांना असतो तसा, टोकं लोंबती. त्यांनी एक टोक डाव्या हातात धरलं, वेढा दिला, ओढला. "एक डोस, एक गाठ. कार्ड हरवंल, कंबर कुठं हरवती?"

मी म्हणालो, बाई, सरकारी नोंद करदोट्यावर ठेवायची?

"तुमची नोंद तुमच्या वहीत ऱ्हाऊ द्या. ही आईची नोंद हाय."

आधीच्या डोसाची एकेक गाठ त्यांनी त्याच दिवशी सगळ्यांना मारून टाकली. पुढे गाठ मारलेलं पोर आलं की त्याला गुळाचा खडा द्यायचा. गूळ वाटणं माझ्याकडे. कोल्हापुरात राहून गुळाला काय तोटा, मी मोजून तेवढेच खडे पुडीत न्यायचो.

दुसऱ्या डोसाच्या दिवशी तीन बाटल्या संपल्या. एका बाटलीत दहा मात्रा, म्हणजे तीस. चौथी बाटली उघडल्याचं मला आठवत नव्हतं आणि ती थर्मासमध्ये बंदच होती. गुळाचे खडे मात्र एकतीस गेले. पुडी रिकामी.

मी घरी जाऊन तीनदा बेरीज केली. एकाने गूळ दोनदा घेतला असेल. एखाद्या बाटलीत थेंबभर जास्त असेल आणि अकरा झाले असतील. मला दुसऱ्याच्या चुका लगेच दिसतात, पण इथे चूक माझीच असावी असं मी ठरवून टाकलं, आणि गप्प बसलो. एकाचा तर फरक. हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या हिशेबात स्वतःला बोलू दिलं नसतं.

तिसरा डोस पुढच्या महिन्यात मंगळवारी द्यायचा ठरला होता. चार आठवडे भरून गेले होते, पण तो मंगळवार यायच्या आधीच्या शनिवारी दुपारी मुकादम सायकल दामटत दवाखान्यात आला. आमच्या बाजूचा उसाचा फड तोडून संपला होता, टोळी रविवारी सकाळी ट्रकने नदीपलीकडे हलणार होती. तिथे आधीच एक टोळी होती, आणि त्या टोळीतलं एक मूल आठ दिवसांपूर्वी घटसर्पाने गेलं होतं. त्याच खोपींच्या शेजारी आता ही एकतीस पोरं जाणार.

शनिवार, अर्धा दिवस. साहेब गावी जायला निघालेले. मी त्यांना बस स्टँडवर गाठून लसीच्या फ्रीजची किल्ली आणि सही घेतली. बर्फाचं दुकान बंद होतं, मालकाला जेवणावरून उठवलं. तो बर्फ फोडता फोडता कुरकुरत होता, पण कशासाठी ते कळल्यावर त्याने दुप्पट दिला. बाईंनी त्या दिवशी बसची वाट पाहिली नाही. मुकादमाला म्हणाल्या, "सरा फुडं," आणि सायकलच्या कॅरिअरवर बसल्या. पंचावन्नीची बाई, पदराचं टोक वाऱ्यावर उडतंय, आणि मी मागून थर्मास सांभाळत. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मला लाज वाटायला हवी होती, पण मी हसत होतो.

वस्तीत बांधाबांध चालली होती. बाईंनी एका उलट्या घमेल्यावर पातेलं ठेवलं, सुया उकळल्या आणि काम सुरू केलं. टोचलं, गाठ मारली, पोर माझ्याकडे, गुळाचा खडा. टोचलं, गाठ, गूळ. पोरांचा रडण्याचा आणि गूळ चोखण्याचा आवाज एकच. दिवस मावळायला आला तेव्हा तिसरी बाटली संपली. पुढे कुणी पोर नव्हतं. बायका म्हणाल्या, झाली सगळी.

मी पुडीत हात घातला. पुडी रिकामी.

तीस टोचल्या. एकतीस खडे.

या वेळी मी बेरीज दुसऱ्यांदा केली नाही. मी बाईंना म्हणालो, एक पोर गाठ दाखवून गूळ घेऊन गेलं आहे, त्याला टोचलेलं नाही. आणि मग जे बोलायचं होतं ते बोललो. "बाई, मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. मला आकडा दिसला होता. मी बोललो नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओरडा खायला तयार होतो.

"आता बोलला न्हवं? मुकादम, कंदील आणा. सगळी पोरं परत रांगेत उभी करा."

बायका कुरबुरल्या. चुली पेटायच्या होत्या, गाठोडी बांधायची होती. पण बाई त्या घमेल्यासमोर मांडी घालून बसल्या आणि एकेका पोराला जवळ ओढून करदोट्याचं टोक दोन बोटांत धरू लागल्या. त्या बघत नव्हत्या. नुसतं चाचपत होत्या. माझी, माझी, माझी. पुढं. माझी, माझी, माझी. पुढं. मी कंदील धरून मोजत होतो. बावीस. तेवीस.

चोविसाव्या पोरावर बोटं थांबली.

"पयली माझी. ह्या दोन न्हवंत."

मी वाकून पाहिलं. तिन्ही गाठी मला सारख्याच दिसल्या. बाईंनी माझं बोट धरून त्यांवरून फिरवलं. पहिलीचा पीळ एका बाजूला होता, पुढच्या दोन्हींचा दुसऱ्या. कुणीतरी उजव्या हाताने मारलेल्या.

पोराची आई सुंदरा. वय विशीच्या आत. ती आधीच रडायला लागली होती. पहिल्या डोसानंतर पोराला दोन रात्री ताप आला, मांडी सुजली. सासू म्हणाली, पुन्हा सुई नको. दुसऱ्या वेळी आणि आजही, आम्ही आलो की म्हातारी नातवाला घेऊन उसाच्या फडाकडे जायची आणि काम संपत आलं की परतायची. गुळाला मात्र तिची हरकत नव्हती.

"साऱ्या लेकरांच्या गाठी वाढल्या, मव्हं एकलंच मागं," सुंदरा म्हणाली. "मला वाटलं, गाठ असली की निम्मं तरी राखंल."

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. मला वाटलं, आता सुंदराची काही धडगत नाही. पण बाईंनी मान वळवली ती खोपीच्या दाराशी बसलेल्या सासूकडे. म्हातारी हातातली काडी मोडत होती.

"माझी सहा पोरं सुईबिगर वाढली," म्हातारी म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

"सहा वाढली," बाई म्हणाल्या. "जलमली किती, आत्याबाई?"

मी आयुष्यभर आकडे मांडले, पण एखाद्या आकड्याची इतकी वाट कधी पाहिली नाही. म्हातारीच्या हातातली काडी संपली. तिने दुसरी उचलली, ती मोडली नाही.

"नऊ," ती म्हणाली.

मग ती उठली. तिनेच नातवाला सुंदराच्या कडेवरून घेतलं आणि बाईंच्या समोर मांडीवर धरून बसली. तोंड दुसरीकडे, पण पोराचा पाय दोन्ही हातांनी घट्ट.

बाईंनी थर्मासमध्ये हात घातला आणि थांबल्या. चौथी बाटली. एकदा उघडली की उरलेलं टाकायचं, आणि एका मुलासाठी बाटली उघडायची नाही, असा नियमच होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. जाब देणारा मी होतो.

"उघडा," मी म्हणालो. "मी लिहितो."

त्यांनी टोचलं. पोर कोकललं. बाईंनी त्या दोन खोट्या गाठी नखाने सोडल्या आणि त्या जागी आपली एक मारली. मग सुंदराची हनुवटी वर केली. "ऐक लेकी. ह्येच्या दोन झाल्यात. तिसरी ऱ्हायली. जिथं जाशील तिथल्या दवाखान्यात जा, ह्या गाठी दाखव, आन तोंडानं सांग. नुसती गाठ कुणाला कळायची न्हाय. सांगशील न्हवं?" सुंदराने मान हलवली. "आन ताप येणारच आज. आला तर भिऊ नगंस, औषध कामाला लागलं म्हणायचं." तापाच्या चार गोळ्यांचे तुकडे करून त्यांनी पुडीत बांधून दिले.

पदराला त्या दिवशीच्या सगळ्या गाठी सुटल्या होत्या. बाईंनी एक नवी मारली.

नोंदवहीत मी लिहिलं: 'मात्रा दिल्या एकतीस. वाया नऊ. कारण, एक मूल राहिले होते.' वरच्या कचेरीतून खुलासा मागवणारं पत्र आलं. मी खुलाशात तेच वाक्य पुन्हा लिहिलं, कारण दुसरं काही खरं नव्हतं. पुन्हा पत्र आलं नाही.

पुढच्या वर्षी दुसरी टोळी आली. त्यानंतर आणखी दुसरी. बाईंचे मंगळवार चालू राहिले, आणि हळूहळू साहेबांनीच ते तक्त्यात घातले. माझा शून्याचा रकाना भरू लागला, आणि मला तो भरताना जो आनंद व्हायचा तो मी पगाराच्या दिवशीही अनुभवला नाही. सुंदरा मात्र दिसली नाही. बाई रोज सकाळी धुतलेलं पातळ नेसून आल्या की बाकावर बसायच्या आधी पदराला एक गाठ मारायच्या. दिवसाच्या बाकीच्या गाठी सुटायच्या, ती तशीच राहायची. मी एकदा विचारलं, ही कुणाची?

"ती तिसरी हाय, भाऊसाहेब."

त्या निवृत्त होऊन आजऱ्याकडे गेल्या तेव्हाही ती होती. दोन वर्षांनी त्यांचा भाचा एका दाखल्यासाठी दवाखान्यात आला, तेव्हा कळलं की पावसाळ्यात बाई गेल्या. तो सहज म्हणाला, आत्याची पातळं वाटून टाकली, पण एकाच्या पदराला गाठ होती, ती घरात कुणाला सुटेना. मी त्याला दाखला लिहून दिला, तारीख चुकली, पुन्हा लिहिला.

त्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, माझ्या खिडकीसमोर एक बाई उभी राहिली. कडेवर तान्ही मुलगी, शेजारी सहा-सात वर्षांचा मुलगा. मी नाव विचारायच्या आत तिने त्याचा सदरा वर केला. करदोटा नवा होता. त्यावर तीन गाठी. जुना दोरा तुटला तेव्हा त्यातल्या गाठी मोजून तिने नव्यावर उतरवल्या होत्या. तिसरी त्याच वर्षी सांगलीकडच्या एका दवाखान्यात मिळाली होती. "तोंडानं सांगितलं," सुंदरा म्हणाली. "बाईंनी म्हन्लं व्हतं तसं." आणि तिने माझ्या मागे पाहिलं, बाक, कपाट, दार. "बाई कुठं हायत? हिला त्यांच्याच हातची पाहिजे."

मी सांगितलं. तिने तान्हीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

नव्या सिस्टरने मुलीला टोचलं. नीट टोचलं, कार्डही लिहून दिलं. सुंदराने कार्ड पदरात खोचलं आणि तिथेच उभी राहिली, मुलीचं झबलं वर धरून.

मी खिडकीमागून बाहेर आलो. मुलीच्या करदोट्याचं टोक डाव्या हातात धरलं. वेढा सुटला. पुन्हा धरलं, पुन्हा सुटला. बाकावरची माणसं बघत होती. तिसऱ्या खेपेला तो बोटावर बसला आणि मी खसकन ओढला.

सुंदराने दोन बोटांनी गाठ चाचपली. डोळे मिटून, बराच वेळ.

"ढिल्ली हाय," ती म्हणाली. "पर पीळ तिकडचाच हाय. चालंल."